माझी केए-22 कार मेव्हण्याने कोल्हापूरला नेली आणि ठोकली, तर विमा मिळेल का?

पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलेलं असेल तर मिळतो, फक्त मेव्हण्याकडे कारचं चालू लायसन हवं. विमा गाडीवर असतो आणि पॉलिसी भारतभर चालते. कर्नाटकातलं निपाणी सोडून महाराष्ट्रातल्या कागलात शिरलात म्हणून काही बदलत नाही. पॉलिसीतला ‘ड्रायव्हर क्लॉज’ वाचा, चालू लायसन असलेला, मालकाशिवाय दुसरा कुणीही चालक त्यात बसतो. लायसन नसेल तर मात्र स्वतःच्या गाडीचा खर्च विसरा. समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते, शिवाय गाडी दिल्याबद्दल 5,000 रुपयांपर्यंत दंड आहेच. त्याने खाजगी पाटीवर लग्नाचं भाडं मारलं असेल तरी क्लेम अडतो.

खरी मेख वेगळीच आहे. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच फक्त नोंदणीकृत मालकालाच लागू होतं. मागून नेलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो, असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये निंगम्मा खटल्यात म्हटलंय; तो खटलाही कर्नाटकातलाच. म्हणजे मेव्हण्याला स्वतःला लागलं तर थर्ड पार्टी (तिऱ्हाईत) म्हणून त्याला तुमच्या पॉलिसीतून भरपाई मागता येत नाही. त्याची वेगळी अपघात पॉलिसी आहे का, एवढं विचारून किल्ली द्या. आणि किरकोळ पोचा असेल तर क्लेम करूच नका, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा जातो, त्याचा नाही.