परवाना भिंतीवर, माणूस गावी

विद्युत निरीक्षक व्हायचंय म्हणणाऱ्यांच्या पत्रांत दर महिन्याला तोच गोंधळ नव्या हस्ताक्षरात येतो. म्हणून पहिलं उत्तर सगळ्यांसाठी.

बी.ई. इलेक्ट्रिकल झालोय. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगात विद्युत निरीक्षकाची भरती कधी निघते? (कळवा)

तिथे निघत नाही. आयोग विजेचे दर ठरवतो, वितरणाचे परवाने देतो. विद्युत निरीक्षक, म्हणजे विजेच्या कामाची सुरक्षितता तपासणारा अधिकारी, राज्य सरकार नेमतं, वीज अधिनियम 2003 च्या कलम 162 खाली, आणि ते कार्यालय ऊर्जा विभागाचं. महावितरणचा अभियंता हा तिसराच माणूस. तिन्हीकडे एकच अर्ज चालतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं ते विचारत नाही. जाहिरात आणि सेवाप्रवेश नियम मूळ कागदावर वाचा. तरी अडलं तर निरीक्षक कार्यालयात समक्ष जाऊन विचारा.

आयटीआय वीजतंत्री आहे. थेट निरीक्षक होता येईल? (दिघा)

नाही. आधी डिप्लोमा, आयटीआयवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय असते. तुम्ही त्यात बसता का, ते तंत्रनिकेतनात विचारा.

विजेच्या कामाच्या पर्यवेक्षकाचा परवाना नुकताच मिळाला. एक ठेकेदार म्हणतो, "कामावर येऊ नकोस, नुसता परवाना दे, महिन्याचे पैसे खात्यात टाकतो." सगळेच देतात म्हणे. पुढे निरीक्षक व्हायचंय. देऊ का? (कोपरखैरणे)

देऊ नका. "सगळेच देतात" हे वाक्य मी निरीक्षक म्हणून नोकरीभर ऐकलं, बहुतेक वेळा अपघातानंतर.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात चौकशीला गेलो होतो. मशीनवरचा कामगार शॉक लागून गेला होता. मोटरच्या बॉडीला हिरवी तार लग (टोकाची धातूची कडी) लावून छान घट्ट केलेली. बघणाऱ्याला वाटावं, अर्थिंग चोख आहे. तार हाताने धरत बोर्डापर्यंत गेलो. बोर्डामागे तिचं दुसरं टोक गुंडाळी करून टेपने बांधून ठेवलं होतं. अर्थिंगची पट्टी तिथून वीतभर अंतरावर. ती जोडायला पाना आणि पाच मिनिटं लागली असती. चाचणी अहवालात मात्र अर्थ रेझिस्टन्स दशांशासकट लिहिलेला. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच, तोही कागदावर होता, भिंतीवर नव्हता. खाली पर्यवेक्षकाची सही. त्या मुलाला बोलावलं, तर गाळा कुठल्या गल्लीत आहे हेही त्याला सांगता येईना. परवाना ठेकेदाराच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेला आणि हा गावी एमपीएससीचा अभ्यास करत होता. कोणत्या पदाचा, ते मी विचारलं नाही.

पर्यवेक्षक म्हणजे काम समोर उभं राहून करून घेणारा. जीवघेणा अपघात झाला की कलम 161 खाली निरीक्षकाला कळवावं लागतं, चौकशी लागते, आणि चौकशीत पहिला कागद निघतो तो सहीचा. ठेकेदार तेव्हा सांगतो, "साहेब, टेक्निकल सगळं तेच बघायचे." महिन्याच्या पैशांत हे वाक्यही विकत दिलेलं असतं, ते मुलांना तेव्हा कळतं.

परवाना आधीच देऊन बसला असाल तर आज परत घ्या, "पुढच्या महिन्यात बघू" नको. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या असतील तर आधी वकिलाला दाखवा, मग अनुज्ञापक मंडळाला (परवाना देणाऱ्या मंडळाला) लेखी कळवा आणि पोच घ्या.

क्लासवाले म्हणतात, "निरीक्षकपदी निवड हमखास, नाहीतर फी परत." भरू का? (घणसोली)

फी कधी आणि कुठल्या अटीवर परत, ते त्यांच्या लेटरहेडवर मागा. मिळालं तर एखाद्या जाणत्याला दाखवून मग ठरवा. मिळेलसं वाटत नाही.

मुलगी ही नोकरी करू म्हणते. शॉकची भीती वाटते. (ऐरोली, आई)

ताई, भीती असलेली बरी. निरीक्षक सप्लाय बंद करून, टेस्ट करून, मगच हात लावतो. धोका घाई करणाऱ्याला. तिला एकदा या खात्यात काम करणाऱ्या बाईंशी बोलू द्या, माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील.

लाल-हिरव्यात थोडा गोंधळ होतो. चालेल का? (तुर्भे)

नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि जाहिरातीतल्या वैद्यकीय अटीशी ताडून बघा. दोन वर्षं अभ्यास करून मग नव्हे, याच आठवड्यात. तोवर घरच्या बोर्डालाही हात लावू नका.