वाचक विचारतात: हिब्रू साल कसं वाचायचं?

प्रश्न: ठाण्याच्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) समाजाचा इतिहास जमवतो आहे. जुन्या दगडांवर साल हिब्रू अक्षरांत आहे. ते इसवी सनात कसं आणायचं?

उत्तर: हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते, ओळ उजवीकडून वाचा आणि बेरीज करा. उदाहरणार्थ, ताव ४००, रेश २००, लामेद ३०, तेत ९ मिळून ६३९. हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो, म्हणजे साल ५६३९. हजार गाळलेल्या सालात, म्हणजे ६३९मध्ये, १२४० मिळवले की इसवी सन १८७९, ठाण्याच्या शाआर हशामाईम सिनेगॉगचं (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं) वर्ष.

चूक होते ती इथे. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. नववर्षापासून डिसेंबरअखेरची तारीख असेल तर १२३९च मिळवायचे. त्यामुळे महिना आधी वाचा. नुसत्या सालावर विसंबलात तर एका वर्षाचा घोळ होऊ शकतो. दगड झिजला की ‘हे’ आणि ‘खेत’ ही अक्षरं सारखीच दिसतात: ‘हे’चा डावा पाय वर तुटलेला, ‘खेत’चा जोडलेला. किंमत ५ की ८, तिथेच फरक. कोळशाने घासू नका. तिरपा टॉर्च मारून फोटो काढा. शेजारी मराठी मजकूर असेल तर सुटलातच.

जुन्या कागदांत फक्त ‘सिनेगॉग’ शोधू नका, ही मंडळी त्याला ‘मशीद’ही म्हणत. आडनावं गावावरून पडलेली: नवगावकर, पेणकर, दिवेकर. मूळ कोकणातलं गाव तिथूनच हाती लागतं. १९४८ नंतर बरीच घरं इस्रायलला गेली, तेव्हा घरगुती कागदांसाठी तिकडच्या नातलगांनाही विचारा.