कोडिंगचे प्रश्न, वाचकांची उत्तरं: दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेम दुप्पट का पळतो?

या वेळी गेमचेच प्रश्न जास्त आलेत. काहींची उत्तरं वाचकांनीच पाठवली होती, ती तपासून त्यात थोडी भर घालून देतोय.

प्रश्न : दादा, मी नववीत आहे. गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) धावणाऱ्या माणसाचा गेम बनवलाय. माझ्याकडे एकदम मस्त चालतो पण मित्राच्या कॉम्प्युटरवर तोच गेम दुप्पट स्पीडनं पळतो, उडी मारायच्या आत माणूस खड्ड्यात. स्पीड कमी केला तर माझ्याकडे रांगायला लागतो. प्रोसेस फंक्शनमध्ये मी दर वेळी एक्समध्ये (माणसाच्या आडव्या जागेत) 5 मिळवतो, बाकी काहीच नाही. चूक कुठाय?

उत्तर : तू मोजून बघितलंस की तो दुप्पटच पळतोय, हे फार चांगलं केलंस, कारण उत्तर त्या 'दुप्पट'मध्येच आहे. प्रोसेस फंक्शन दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र येतं तेव्हा, एकदा चालतं, त्यामुळे तुझा कोड म्हणतो की दर फ्रेमला 5 पिक्सेल पुढे जा. तुझा स्क्रीन 60 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 300 पिक्सेल. मित्राचा बहुतेक 120 हर्ट्झचा असणार, तिथे तोच कोड सेकंदाला 600 पिक्सेल पळवतो. म्हणून वेग फ्रेमच्या हिशोबात ठेवायचाच नाही, सेकंदाच्या हिशोबात ठेवायचा. प्रोसेस फंक्शनला डेल्टा नावाची किंमत मिळते ना, ती म्हणजे मागच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले ते. 60 हर्ट्झवर साधारण 0.0167 आणि 120 वर 0.0083. आता 5 च्या जागी 300 गुणिले डेल्टा लिही, दोन्हीकडे माणूस सेकंदाला 300 पिक्सेलच जाईल.

आता पुढे तू नक्की अडकशील अशी जागा आत्ताच सांगून ठेवतो. उडीसाठी गुरुत्वाकर्षण घालशील तेव्हा वेगात ते मिळवताना डेल्टाने गुणायचं आणि त्या वेगाने जागा बदलताना परत डेल्टाने गुणायचं, दोन्ही वेळा लागतं. पण गोडोचं मूव्ह अँड स्लाइड (माणसाला हलवणारं तयार फंक्शन) वापरलंस तर दुसरा गुणाकार ते स्वतःच करतं, तू वेगाला परत गुणलंस तर माणूस जागचा हलल्यासारखाही वाटणार नाही. आणि मित्राकडे जाऊन टेस्ट करायची गरज नाही, गोडो 4 मध्ये इंजिनचा मॅक्स एफपीएस (सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम) 30 करून बघ, मग 60 करून बघ, दोन्ही वेळा माणूस सारख्याच वेळात त्याच ठिकाणी पोचला की जमलं.

युनिटी हे दुसरं गेम इंजिन वापरणाऱ्यांसाठी एक ओळ : हलवाहलवी फिक्स्डअपडेटमध्ये ठेवली (ते मुळात दर 0.02 सेकंदाला चालतं) तरी उडीचं बटण दाबलं का हे दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्येच वाचा, नाहीतर मधेच दाबलेलं बटण हुकतं आणि खेळणारा म्हणतो की मी दाबलं होतं, आणि त्याचं बरोबर असतं.

प्रश्न : माझ्या गेममध्ये बंदुकीची गोळी कधी भिंतीला लागते, कधी आरपार जाते. कोलायडर (टक्कर ओळखणारे आकार) दोन्हीला आहेत, दहादा तपासले.

उत्तर : 'कधी कधी' म्हणताय म्हणजे कोलायडर बरोबर आहेत, गोळी जास्त वेगात आहे. सेकंदाला 3000 पिक्सेल वेग धरला तर सेकंदाला 60 फ्रेम असताना एका फ्रेममध्ये 50 पिक्सेलची उडी होते. भिंत 20 पिक्सेल जाड असेल तर एका फ्रेमला गोळी अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे, भिंतीच्या आत ती कधी नसतेच, मग टक्कर कळणार कशी? जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रे (न दिसणारी सरळ रेषा) टाका आणि त्या रेषेत काही येतंय का ते बघा. युनिटीत रिजिडबॉडीला (वस्तू फिजिक्सने हलवणाऱ्या घटकाला) कोलिजन डिटेक्शन कंटिन्युअस करता येतं पण गोळी ट्रान्सफॉर्मने (म्हणजे थेट जागा बदलून) ढकलत असाल तर त्याचा उपयोग नाही, ती फिजिक्सनेच हलली पाहिजे. भिंती जाड करा असा सल्ला बरेच जण देतात, त्याने फक्त अडचण पुढे ढकलली जाते.

प्रश्न : मी जावास्क्रिप्टमध्ये मराठी शब्द ओळखायचा गेम करतेय, एका चौकटीत एक अक्षर. 'क्षमा' दोन अक्षरी शब्द आहे पण लेंग्थ 5 येते, काना वेगळ्या चौकटीत जाऊन पडतो. शिवाय खेळणाऱ्या काहींनी 'दऱ्या' बरोबर लिहिलं तरी गेम चूक म्हणतो, माझ्याकडे मात्र बरोबर म्हणतो. इंग्रजी गेमचा कोड सोपा होता, मराठीत एवढा त्रास का?

उत्तर : ताई, हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी छळतंच. लेंग्थ अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीचे) तुकडे मोजते. 'क्षमा' म्हणजे क, हलन्त, ष, म आणि काना, झाले पाच. शब्द उलटा करायला जाल तर काना म च्या आधी येऊन बसेल, म्हणून तुकडे करायचं काम स्प्लिटवर सोडू नका.

जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे, त्याला भाषा मराठी आणि ग्रॅन्युलॅरिटी ग्राफीम (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) द्या, म आणि काना एकत्र येतील. पण जोडाक्षराचं काय? हलन्ताने जोडलेली व्यंजनं तोडायची नाहीत हा नियम युनिकोडमध्ये 2023 साली 15.1 आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउजरवर अजूनही 'क्षमा'चे तीन तुकडे पडतात. म्हणून सेगमेंटरनंतर स्वतःचा एक छोटा लूप लावा : मागचा तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढचा व्यंजनाने सुरू होत असेल तर दोन्ही जोडा. नव्या ब्राउजरवर या लूपला काही काम उरत नाही आणि जुन्यावर तो वाचवतो. 'अर्थात्' सारख्या शब्दात शेवटी हलन्त येतो तिथे पुढे काही नसतंच, त्यामुळे तो सुरक्षित.

'दऱ्या'ची भानगड वेगळी आहे. तुमच्या कीबोर्डने तो द, ऱ, हलन्त, य, काना असा लिहिला असेल, पाच तुकडे. काही कीबोर्ड साधा र, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य आणि काना असं लिहितात, म्हणजे सहा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि तुलना मात्र 'वेगळे' असं सांगते. तुम्हाला खात्री करायची तर दोन्हीची लेंग्थ छापून बघा. नॉर्मलाइज फंक्शन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणारं) इथे पुरत नाही, ते र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून ऱ करतं पण जॉइनरवाला प्रकार तसाच सोडतं.

एका वाचकाने यावर उत्तर पाठवलं होतं की न दिसणारी सगळी चिन्हं सरळ उडवून टाका. असं करू नका बरं का, कारण जॉइनर उडवला की डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्रवाला 'दर्या' होतो, आणि शब्दांच्या गेममध्ये याहून वाईट काय असणार? त्याऐवजी तुलना करायच्या आधी र, हलन्त, जॉइनर हे तीन जिथे सलग येतील तिथे ऱ आणि हलन्त घाला. तुमच्या शब्दयादीवर पण हेच एकदा चालवा आणि खेळणाऱ्याच्या शब्दावर पण, दोन्हीकडे तेच फंक्शन. क्रम लक्षात ठेवा, आधी ही साफसफाई, मग नॉर्मलाइज, मग तुकडे.

प्रश्न : मी ग्रुपवर मदत मागितली, 'ॲप क्रॅश होतंय प्लीज हेल्प', सोबत पूर्ण फाइल आणि एररचा फोटो. कुणीच उत्तर दिलं नाही, एकाने फक्त 'आधी कोड छोटा कर' म्हटलं. नवीन माणसाला अशीच वागणूक देतात का?

उत्तर : राग येणं साहजिक आहे, त्याने 'कसा' छोटा करायचा ते सांगायला हवं होतं. पण सल्ला खरा आहे. मदत करणारा दिवसभराचं काम संपवून अर्धा तास काढतो, त्या अर्ध्या तासात तुमचा क्रॅश त्याच्या मशिनवर व्हायला हवा, तरच तो काही करू शकतो. एक नवीन रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि संशय असलेला भागच त्यात टाका. क्रॅश झाला तर हाच कोड पाठवायचा. नाही झाला तर जे टाकलं नाही त्यात गडबड आहे, एकेक भाग घालत जा. निम्म्या वेळा तर इथेच सापडतं, पाठवावंच लागत नाही.

एररचा फोटो नको, मजकूर कॉपी करा, फोटोतला शब्द कुणाला सर्च करता येत नाही. लांबलचक असेल तर 'कॉज्ड बाय'ने सुरू होणारी शेवटची ओळ शोधा आणि तिच्या खाली तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा येतं ती ओळ बघा, बहुतेक वेळा तिथूनच तपास सुरू होतो. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे दोन्ही लिहा, लायब्ररीची आवृत्ती लिहा. आणि पाठवायच्या आधी कोडमधली एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) आणि पासवर्ड काढा, हे घाईत राहून जातं आणि मग फार महागात पडतं.

कालपर्यंत चालत होतं आणि आज नाही असं असेल तर गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) मधलं बायसेक्ट वापरा. ते दर वेळी मधला कमिट (नोंदवलेला बदल) काढून देतं, तुम्ही चालतंय की नाही एवढंच सांगायचं, हजार कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत बिघडवणारा सापडतो.

प्रश्न : अँड्रॉइडवर नोंदी ठेवायचं ॲप केलंय, कंपोजमध्ये (ॲपचे स्क्रीन बनवायची अँड्रॉइडची पद्धत). फोन आडवा केला की लिहिलेलं सगळं जातं. आडवं होणं बंद करून टाकू का?

उत्तर (एका वाचकाकडून) : बंद करू नका. फोन फिरवला की सिस्टीम ॲक्टिव्हिटी (ॲपचा चालू स्क्रीन) मोडून नवी बनवते, भाषा किंवा डार्क थीम बदलली तरी तसंच होऊ शकतं, म्हणजे फिरणं बंद करून पण बग तिथेच राहतो. रिमेंबरच्या जागी रिमेंबर सेव्हेबल लिहा, लिहिलेला मजकूर टिकेल. बाकी डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनपासून वेगळा डेटा सांभाळणाऱ्या भागात) ठेवा.

याला माझी थोडी पुरवणी. व्ह्यूमॉडेल फिरवण्यातून वाचतं पण ॲप मागे असताना सिस्टीमने मेमरीसाठी प्रोसेसच मारली तर तेही जातं. म्हणून नोंद टाइप होत असतानाच अधूनमधून डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून लिहीत जा. तपासायला डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा, अर्धी नोंद लिहा, होमवर जा, परत या. मजकूर जागेवर असेल तर झालं, आणि तपासून झाल्यावर तो पर्याय बंद करा, नाहीतर बाकीची ॲप्स पण दर वेळी पहिल्यापासून उघडत बसतील.