वॅगनआरला ए-स्टारचा अल्टरनेटर चालतो का?

प्रश्न: माझी २०१२ ची पेट्रोल वॅगनआर आहे. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो पार्ट, गेलाय, नव्याचा भाव ऐकून घामच फुटला. तोच म्हणाला कुर्ल्याला जा, सेकंडहँड मिळेल. पण वॅगनआरचाच शोधायचा की दुसऱ्या मारुतीचा पण बसतो? – एक वाचक, भांडुप

उत्तर: बसतो, पण गाडीच्या नावावर जाऊ नका, इंजिन बघा. तुमच्या गाडीत के१०बी आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं. हेच इंजिन ए-स्टार, अल्टो के१० आणि नंतरच्या झेन एस्टिलोत पण आलं, त्यामुळे शोध या सगळ्यांत घ्या. उलट २०१० च्या आधीची वॅगनआर नावाला तुमच्याच घरातली, पण आत १०६१ सीसीचं चार सिलिंडर एफ१०डी, तिचा माल कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. अल्टो ८०० चा पण नको, ते ७९६ सीसीचं वेगळंच प्रकरण आहे.

आता इंजिन सेम म्हणून डोळे झाकून पण घ्यायचा नाही. जुना अल्टरनेटर काढून सोबतच न्या, फोनमधला फोटो दाखवून काम भागत नाही. दोन्ही शेजारी ठेवून लेबलवरचा नंबर आणि अँपिअर जुळवा, मग बोल्टची भोकं, पुलीच्या खाचा आणि मागचा वायरिंगचा प्लग बघा. सगळ्यात जास्त घोळ या प्लगमध्येच होतो, आणि तिथे दुकानदार "वायर कापून जोडून देतो ना साहेब" म्हणाला की सरळ पुढच्या दुकानात. पुली हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग संपलंय. मागच्या जाळीला नाक लावा, जळकट वास म्हणजे वाइंडिंग, आतली तांब्याची गुंडाळी, गेलंय, मग तो वरून कितीही घासून चकाचक केलेला असो.

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडला आणि कपाडिया नगरला जुन्या पार्टची दुकानंच दुकानं आहेत, पहिल्याच दुकानात खिसा रिकामा करू नका, आणि जुना देऊन त्याचे पैसे वजा होतात का तेही विचारा.

पण खरं सांगू, कुर्ल्याला जायच्या आधी तो अल्टरनेटर एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. बऱ्याचदा त्यातला कार्बन ब्रश, बेअरिंग नाहीतर व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटरच गेलेला असतो आणि तेवढंच बदलून काम होतं, गॅरेजवाल्याला मात्र अख्खा बदलणं सोपं पडतं.

आणि तिथे गेलाच आहात म्हणून ब्रेक पॅड, सीट बेल्ट, एअरबॅग असलं काही जुनं उचलून आणू नका हां.

अल्टरनेटर घेतलाच तर बदलून देणार का आणि किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्या. बसवल्यावर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. साडेबारालाच अडकला तर चार्जिंग होत नाहीये, आधी वायरिंग आणि फ्यूज बघून घ्या आणि ते ठीक असेल तर त्याच दिवशी बिल घेऊन परत जा.