जुन्या दुनळीसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: गेली दोन वर्षे मी क्लबच्या बंदुकीने ट्रॅप नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरण्याचा खेळ) करतो. आता अक्रोडाच्या दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाची), शेजारी-शेजारी नळ्या असलेली एक जुनी १२ बोअर दुनळी विक्रीला आली आहे. दस्ता घरीच घासून नव्यासारखा करावा, पाच वर्षे वापरून ती चढ्या भावाने विकावी आणि सोबत .३०८ ची एक रायफलही घ्यावी, असा विचार आहे. माझी मुदत ठेव आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. तिच्यातले पाच महिन्यांचे पैसे यात जातील. परवान्यासाठी अर्ज अजून केलेला नाही.

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी आधी घेतो, कारण पैशाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. परवाना हाती नसेल, तर पूर्ण पैसे मोजूनही बंदूक आपली होत नाही. बहुतेक ठिकाणी परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि त्याचा बोअर किंवा कॅलिबर (नळीच्या आतल्या रुंदीचे माप) यांची नोंद लागते. त्यामुळे गुळगुळीत नळीच्या १२ बोअरसाठी मिळालेल्या मंजुरीत आटे पाडलेल्या नळीची .३०८ रायफल आपोआप बसेल, असे धरून चालू नये. तिच्यासाठी वेगळे कारण द्यावे लागते आणि वेगळी वाट पाहावी लागते. म्हणून ठेव आज मोडू नका. विक्रेता थांबायला तयार असेल तर थोडा इसार द्या, आणि परवाना नाकारला गेल्यास तो परत मिळेल, हे लेखी घ्या.

रायफलीचा विचार मी तूर्त सोडून देण्यास सांगेन. .३०८ विंचेस्टर हे १९५२ साली बाजारात आलेले शिकारीचे काडतूस आहे आणि आपल्या ट्रॅपशी त्याचा काहीही संबंध नाही. दोन कॅलिबर म्हणजे दोन प्रकारची काडतुसे आणि दोन वेगळ्या रेंज. शिवाय खरा खर्च बंदुकीच्या किमतीत नसून तिच्या तोंडात घालाव्या लागणाऱ्या घासात असतो. ट्रॅपच्या एका फेरीत २५ लक्ष्ये असतात; आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तरी वर्षाला किमान २,६०० काडतुसे लागतात, आणि त्याच लक्ष्यावर दुसरा बार काढण्याची मुभा वापरली तर त्याहून अधिक. त्यात कुलपाचे पोलादी कपाट, विमा, परवान्याचे नूतनीकरण आणि कारागिराकडची वार्षिक तपासणी मिळवा. हा खर्च दरमहाच्या मिळकतीतून भागतो का, हे पाहूनच खरेदीचा निर्णय घ्यावा.

आता दुनळीविषयी. ट्रॅपचे बहुतेक नेमबाज एकीवर एक नळ्या असलेली बंदूक वापरतात, त्यामुळे सरावासाठी ही दुनळी आपल्याला कितपत सोयीची ठरेल, हे आधी ती खांद्याला लावूनच ठरवा. पुष्कळ जुन्या बंदुकांची घरे (नळीत काडतूस बसते ती मागची जागा) ६५ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी कोरलेली असतात, तर आज सर्रास मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे असते. ते अशा घरात शिरते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला पुरेशी जागा न मिळाल्याने दाब वाढतो. नळ्यांवरचे प्रूफचे ठसे (जादा दाबाचा बार उडवून नळी तपासल्याची खूण) म्हणूनच वाचून घ्यावेत. लंडनमध्ये ही तपासणी १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये १८१३ पासून चालत आली आहे. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, बंद स्थितीत ती हलकेच हलवा. सांध्यातून खडखड ऐकू आली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

दस्त्याबाबत मात्र मी आग्रहाने सांगतो, कारण आपला नफ्याचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. माझ्या एका अशिलाने वारशाने आलेल्या बंदुकीचा दस्ता हौसेने पॉलिश पेपरने घासला होता. तो चकाकत होता, पण धातूच्या पट्टीवरून लाकडाकडे बोट सरकवले की काठाशी नख अडकत असे. लाकूड धातूच्या पातळीखाली गेले होते आणि पकडीवरची बारीक चौकड्यांची नक्षी पुसट झाली होती. जाणकार ग्राहक हे पहिल्या मिनिटात ओळखतो आणि भाव पाडतो. घासून गेलेले लाकूड परत आणता येत नाही. करायचेच असेल तर एवढे करा: मळ हलक्या हाताने काढा, लाकूड दबून पडलेल्या खळग्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवा, म्हणजे वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात, आणि मग जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, चोळत राहा. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका; ती आपोआप तापून पेट घेतात. तडा असेल तर काम कारागिराकडेच द्या.

पाच वर्षांनी नफा होईल, हे मी गृहीत धरणार नाही. खरेदीदारालाही परवाना लागत असल्याने गिऱ्हाईक मोजकेच असते, आणि घाईने विकायची वेळ आली तर त्यांनाही ते कळते. आपल्या पश्चात घरात दुसऱ्या कुणाकडे परवाना नसेल, तर कुटुंबाला ती बहुधा ठरावीक मुदतीत विकावी किंवा जमा करावी लागेल. त्याची सूचना मृत्युपत्रात लिहून ठेवा.

माझे मत असे: सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम ठेवीत अबाधित ठेवा, म्हणजे वरच्या दोन महिन्यांच्या पैशातून एकच बंदूक बसते का ते पाहता येईल. बसत नसेल तर दरमहा बाजूला टाकत राहा आणि तोवर क्लबची बंदूक वापरा. परवाना हाती आल्यावर नळ्यांची जाडी आणि घराची लांबी कारागिराकडून मोजून घेऊन मला कळवा. मग विक्रेत्याला किती द्यावे, त्याचा हिशेब आपण मिळून करू.