टर्मिनलचा नंबर वेगळा, टर्मिनलची जागा वेगळी

तुमची अडचण मला समजली ती अशी: ईप्लॅन या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या टर्मिनल डायग्राममध्ये एक्स१ ही टर्मिनलची (वायरी जोडायच्या ठोकळ्यांची) पट्टी १, १०, ११, १२, २ अशी येते, अर्थिंगचा टर्मिनल मधेच घुसतो, आणि स्किमॅटिकच्या (सर्किट ड्रॉइंगच्या) पानावर टर्मिनल इकडून तिकडे सरकवला तरी पट्टीत काही फरक पडत नाही. पानावरची जागा सर्किट वाचणाऱ्याच्या सोयीची असते. पॅनलमधल्या रेलवर, म्हणजे टर्मिनल बसवायच्या धातूच्या पट्टीवर, कोण कोणाच्या शेजारी बसणार, ते वेगळ्या ठिकाणी ठरतं.

प्रत्येक टर्मिनलला एक नाव असतं, म्हणजे आपण टॅगवर छापतो तो नंबर. त्याशिवाय एक सॉर्ट कोड असतो, म्हणजे पट्टीतली त्याची जागा. जागा ठरवून दिली नसेल तर नावं अक्षरांसारखी लावली जातात आणि १ च्या पाठोपाठ १० येऊन बसतो. काही जण यावर ०१, ०२ अशी नावं देतात. चालतं, पण मला ते आवडत नाही. बाजारातल्या तयार नंबरपट्ट्या १, २, ३ अशाच येतात, मग ड्रॉइंगवर एक आणि पॅनलवर दुसरं असं होतं.

तुम्ही असं करा. टर्मिनल स्ट्रिप नॅव्हिगेटरमध्ये एक्स१ निवडून एडिट उघडा. सगळ्या ओळी निवडा आणि आधी न्यूमेरिक सॉर्ट (आकड्यांच्या क्रमाने मांडणी) लावा. मग अर्थिंगच्या ओळी उचलून शेवटी न्या आणि ओके करा. सॉर्ट आधी आणि हाताने हलवणं नंतर, हा क्रम सोडू नका, नाहीतर पुढच्या सॉर्टमध्ये तुमची हलवाहलव पुसली जाते. त्यानंतर रिपोर्ट, म्हणजे तो डायग्राम, अपडेट करायला विसरू नका. जुनाच डायग्राम बघून ‘बदललंच नाही’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याच मेन्यूत टर्मिनलना नवे नंबर देण्याची सोयही आहे. तिने नावंच बदलतात, त्यामुळे ड्रॉइंग पॅनल बनवणाऱ्या शॉपला जाण्याआधीच काय ती वापरा.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकल वापरणाऱ्यांना हेच काम टर्मिनल स्ट्रिप एडिटरमध्ये करता येतं. तिथेही सॉर्ट, मूव्ह आणि रीनंबर ही वेगवेगळी बटणं आहेत.

मी यावर एवढा जोर देतो त्याला कारण आहे. रबाळ्याच्या एका शॉपमध्ये आमचं पॅनल बनत होतं. एक्स१ वर १ ते ६ चोवीस व्होल्ट प्लस आणि ११ ते १६ झिरो व्होल्ट. मधले नंबर पुढच्या वाढीसाठी मोकळे ठेवले होते. मी घाईत क्रम न तपासता डायग्राम पाठवला. फिटरने कागदाप्रमाणे रेल भरली: १, मग ११, १२, १३, १४, १५, १६, त्यानंतर २. मग १ पासून सहा पोलचा ब्रिज, म्हणजे शेजारचे सहा टर्मिनल एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी, दाबून बसवला. ब्रिजला नंबर कळत नाहीत, तो फक्त शेजारी बघतो. सप्लाय देण्याआधी वायरमनने मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब १ ला आणि दुसरा ११ ला लावला. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही जोडलेले होते. त्याने मला फोन केला, “साहेब, प्लस आणि झिरो एकच वाजतंय.” त्याने ती तपासणी टाळली असती तर पहिल्याच स्विच-ऑनला पॉवर सप्लाय शॉर्टमध्ये गेला असता. पूर्ण रेल उपसून पुन्हा भरावी लागली आणि चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून मी क्रम ब्रिजपासून ठरवतो. ज्यांच्यावर ब्रिज बसणार ते आधी एकत्र, त्यांच्यामागे दोन स्पेअर (मोकळे) टर्मिनल, मग दोन गट वेगळे ठेवणारी पार्टिशन प्लेट, मग पुढचा गट. बाहेरून येणाऱ्या फील्ड केबलचे कोर (आतल्या वायरी) एका ओळीत यावेत हे त्यानंतर बघतो. बारा कोरची केबल ग्लँडमधून (केबल आत घ्यायच्या तोंडातून) वर आली आणि तिचे कोर पट्टीभर विखुरले, तर वायरी ठेवायच्या चॅनेलचं झाकणही नीट बसत नाही. सॉर्टनंतर एंड प्लेट (शेवटच्या टर्मिनलची उघडी बाजू झाकणारी) आणि पार्टिशन कुठे गेले तेही बघा. लांबीही मोजून घ्या. २.५ चौरस मिमी वायरीचा साधा टर्मिनल साधारण ५.२ मिमी रुंद असतो, म्हणजे चाळीस टर्मिनलना २०८ मिमी, आणि पट्टी सरकू न देणारे स्टॉपर, प्लेटा वेगळ्या.

नंतर एखादा टर्मिनल वाढवलात तर तो आपोआप योग्य जागी बसेल असं धरू नका. पुन्हा एडिट उघडा आणि तो एकटाच हाताने जागेवर न्या. आणि पॅनल साइटवर लागलेलं असेल तर त्या पट्टीला सॉर्ट अजिबात लावू नका. तिथे रेलवर जे बसलंय तेच खरं. १७ नंबर ५ च्या शेजारी बसवला असेल तर ड्रॉइंगमध्येही तो ५ च्या शेजारीच दाखवा, दिसायला कितीही वेडंवाकडं वाटलं तरी. रात्री ब्रेकडाउनला आलेला माणूस टॉर्चच्या उजेडात तो कागद आणि ती रेल शेजारी धरूनच बघणार आहे.