मुंबईत शिवडीजवळ किनाऱ्यावर मोठा बांधकाम प्रकल्प येतोय. हवेवरचा परिणाम 'नगण्य' असं त्याच्या पर्यावरण परिणाम अहवालात लिहिलंय. हे तपासायचं कसं?

निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा आणि अहवालातलं वाऱ्याचं पान उघडा. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रकल्पाची सगळी मेख तिथेच असते. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून येतो, दिवसा खारे वारे आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचे. त्यामुळे शिवडीतली धूळ बंदराच्या पाण्यावर निघून जाते आणि वार्षिक सरासरी छान दिसते. हिवाळ्याच्या रात्री चित्र उलटतं. मतलई वारे ईशान्य-पूर्वेकडून वस्तीवर येतात, त्यांचा वेग अगदी कमी असतो आणि जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही. शिवडी, काळाचौकी, लालबागला खरा त्रास या तासांत होणार. म्हणून वार्षिक आकडा नव्हे, डिसेंबर ते फेब्रुवारीचा 24 तासांचा सर्वांत वाईट आकडा मागा.

मूळ हवा, म्हणजे प्रकल्पाआधीची, मोजण्याची रीत अशी: पावसाळा सोडून एक ऋतू, 12 आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी 24 तास. म्हणजे एका ठिकाणचे 24 नमुने. मोजणी मार्च ते मे अशी केली तरी ती नियमातच बसते, पण तेव्हा वारा चांगला असतो आणि हवा उंचपर्यंत मिसळते, त्यामुळे आकडे कमी येतात. तारखा बघा आणि त्याच दिवसांचे माझगाव व शीव इथल्या सरकारी केंद्रांचे आकडे शेजारी मांडा. फरक मोठा असेल तर कारण विचारा. किनाऱ्यावर धूळ गोळा करणारा फिल्टर पेपर ओलावा धरतो. वजनाआधी तो ठरावीक तापमान-आर्द्रतेत 24 तास ठेवला नसेल तर वजनावर विश्वास ठेवता येत नाही. समुद्राच्या मिठानेही पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) वाढतं. सोडियम-क्लोराइड तपासून त्याचा वाटा कळतो, पण तो वजा करून मर्यादेत बसल्याचं दाखवलं असेल तर मी ते मान्य करणार नाही.

आता उत्सर्जन. बहुतेक अहवाल जनरेटरवर पानं खर्च करतात आणि डंपरची धूळ दोन ओळींत उरकतात. माझ्या मते हे नेमकं उलटं हवं. पक्क्या रस्त्यावर चाकांनी उडणाऱ्या पीएम 10 साठी अमेरिकी सूत्र वापरतात: 0.62 × (गाळ)^0.91 × (वजन)^1.02, उत्तर ग्रॅम प्रति किलोमीटर. गाळ म्हणजे रस्त्यावरची 75 मायक्रॉनहून बारीक माती, ग्रॅम प्रति चौरस मीटर. वजन म्हणजे त्या रस्त्यावरच्या वाहनांचं सरासरी वजन, अमेरिकी टनांत (एक टन सुमारे 907 किलो). फक्त डंपर जाणारा रस्ता, भरलेले-रिकामे मिळून सरासरी 20 टन आणि गाळ 5 धरला तर दर किलोमीटरला साधारण 57 ग्रॅम. रोज 100 फेऱ्या, जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे दिवसाला 11 किलोहून जास्त. गाळ निम्मा केला की धूळ जवळजवळ निम्मी होते. म्हणूनच चाकं धुण्याची सोय आणि रस्ता झाडण्याचं यंत्र महत्त्वाचं. नुसतं पाणी ओतत राहिलं तर चिखल चाकांना चिकटून बाहेरच्या रस्त्यावर येतो, वाळतो आणि पुन्हा उडतो. अहवालात गाळाचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की कुठून उचललेला, हे जरूर विचारा.

जनरेटरचं गणित सोपं आहे. धुराड्याची उंची इमारतीच्या वर किमान 0.2 × √केव्हीए मीटर हवी (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता). 500 केव्हीएला साधारण साडेचार मीटर. प्रकल्पात मोठ्या जहाजांचा धक्का असेल तर तो स्वतंत्र स्रोत धरलाय का बघा: रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग), जहाजाच्या इंधनात 2020 पासूनच्या मर्यादेनुसारही 0.50 टक्के, म्हणजे पाचशेपट.

धूर-धूळ किती पसरेल याचा हिशेब करणाऱ्या गणकप्रणालीत (बहुधा एअरमॉड) एक गोष्ट सहज निसटते. ज्या तासांत वारा शून्य नोंदलाय, ते तास ती हिशेबातच घेत नाही. हिवाळ्याच्या रात्री असे तास बरेच असतात, आणि तेच सर्वांत वाईट. असे किती तास गळले, हे लेखी मागा.

मग बेरीज. 24 तासांची पीएम 10 मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम 2.5 ची 60. समजा पीएम 10 ची मूळ पातळी 118 आणि वाढ 7. 'वाढ फक्त 7' असं म्हणून भागत नाही, कारण मर्यादा आधीच ओलांडलेली आहे आणि शेजारचे प्रकल्प आपापले 7 घालणार आहेत. त्यांची एकत्र बेरीज हवी. शिवाय नव्या टॉवरमध्ये राहायला येणारी माणसंही श्वास घेणारच. पलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आहे. हिवाळी रात्रीचा वारा तिकडूनच येतो. वरच्या मजल्यांच्या उंचीवर हिशेब केलाय का, हे क्वचितच कोणी विचारतं.

महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांनुसार एक एकराहून मोठ्या भूखंडाला 35 फूट पत्र्याचं कुंपण लागतं. ते जमिनीवरच्या कामाला उपयोगी. तिसाव्या मजल्यावर टाइल कापताना उडणारी धूळ कुंपण अडवत नाही, तिथे ओली कटाई आणि इमारतीला घट्ट जाळी लागते.

पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे सभेची वाट बघत बसू नका. परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज शोधा आणि वरचे मुद्दे राज्याच्या मूल्यांकन समितीला लेखी पाठवा. मंजुरी मिळालीच तर 1 जून आणि 1 डिसेंबरला येणारे सहामाही पालन अहवाल मागवा आणि त्यातले डिसेंबर ते फेब्रुवारीचे आकडे आधी वाचा.